वयात येणारी मुले आणि आईबापांचे कर्तव्य



आजच्या व्याख्यानाचा विषय मुला-मुलींच्या वयात येण्याचा आहे. विषयाचे नाव ऐकून काही मातांनी पदर सावरला असेल, काही वडीलधाऱ्यांनी मान खाली घातली असेल, आणि धम्माच्या सभेत असला विषय कशाला, असा प्रश्नही एखाद्याच्या मनात आला असेल. त्याला माझे उत्तर सरळ आहे. धम्म हा जगण्याला लावून पाहावयाचा असतो. मूल ज्या आठ-दहा वर्षांत देहाने, मनाने आणि समाजातील स्थानाने मोठे होत असते, नेमक्या त्याच वर्षांविषयी आईबाप मौन पाळतात. आणि ते मौन भरून काढण्यास जुन्या रूढी, गल्लीतील अर्धवट माहितीची पोरे आणि मोबाईलवरील बाजारू चित्रे टपूनच बसलेली असतात. घरातील जाणत्या माणसाने बोलावयाचे नाही आणि बाहेरच्या कोणीही बोलावे, ही स्थिती आपण किती दिवस चालू द्यावयाची?

तुमच्यापैकी काहींच्या आजोबा-पणजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेबांकडून दीक्षा घेतली. काही कुटुंबे अगदी अलीकडे या मार्गावर आली आहेत. देव्हारा रिकामा करणे हे एका दिवसाचे काम आहे, ते आपण केले. परंतु मुलगी 'बाजूला बसली' की तिला कोपरा दाखवावयाचा, तिला पदर आला की स्थळ पाहावयाचे, आणि मुलाला मिसरूड फुटले की 'आता पोरगा हाताशी आला' म्हणून त्याची पाटी-पुस्तके माळ्यावर टाकावयाची, या सवयी देव्हाऱ्याबरोबर घराबाहेर जात नाहीत. त्या मनात ठाण मांडून बसतात. या सर्व सवयींच्या मुळाशी एकच चूक आहे. वाढीच्या आरंभाला आपण वाढीचा शेवट समजतो. आज मला तुम्हांला एवढेच पटवून द्यावयाचे आहे की, वयात येणे म्हणजे वाढ पुरी होणे नव्हे. खरी वाढ तेव्हा कोठे भरात येत असते.

देहात काय घडते

जागतिक आरोग्य संघटनेने दहा ते एकोणीस वर्षे हे किशोरवय मानले आहे. आपल्या मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला पियुषिका म्हणतात. योग्य वेळ येताच मेंदूकडून तिला इशारा मिळतो आणि ती आपले स्राव रक्तात सोडू लागते. हे स्राव मुलीच्या अंडाशयांना आणि मुलाच्या वृषणांना जागे करतात, आणि मग त्यांच्यातून निघणारी संप्रेरके साऱ्या देहाला नवे वळण देतात. मुलींमध्ये हा बदल बहुधा आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान, तर मुलांमध्ये नऊ ते चौदा वर्षांच्या दरम्यान सुरू होतो. कोणाला लवकर, कोणाला उशिरा. शेजारच्या मुलीशी आपल्या मुलीची तुलना करून घोर लावून घेण्याचे कारण नाही.

सहावी-सातवीच्या वर्गात पुष्कळ मुली मुलांहून उंच दिसतात, हे तुम्ही पाहिले असेल. मुलीची उंची सर्वांत झपाट्याने वाढण्याचे वर्ष बाराव्याच्या आसपास येते आणि त्या एका वर्षात ती आठ-नऊ सेंटिमीटर वाढू शकते. मुलाचे ते वर्ष सुमारे दोन वर्षे मागाहून येते. तो त्या वर्षी नऊ-दहा सेंटिमीटर वाढू शकतो. प्रौढ माणसाच्या वजनापैकी जवळजवळ निम्मे वजन याच काळात कमावलेले असते. यात हातपाय आधी लांबतात आणि धड मागाहून वाढते. म्हणून या वयाच्या मुलाच्या हातून भांडे पडते, उंबऱ्याला ठेच लागते. त्याला धांदरट म्हणून हिणवू नका. आपल्या नव्या देहाचा अंदाज त्यालाच अजून आलेला नसतो.

विटाळ हा शब्द कोणाचा?

मुलीच्या छातीची वाढ सुरू झाल्यानंतर साधारणपणे दोन-अडीच वर्षांनी तिला पहिली पाळी येते. पाळी म्हणजे काय? गर्भ राहिलाच तर त्याला आधार मिळावा म्हणून गर्भाशयाच्या आत दर महिन्यास एक मऊ अस्तर तयार होते. गर्भ राहिला नाही की ते अस्तर रक्तावाटे गळून पडते आणि नवे तयार होऊ लागते. एवढीच ही गोष्ट आहे. तिच्यात पाप नाही, शाप नाही आणि कावळ्याचा तर काडीचाही संबंध नाही. ज्या अस्तराच्या आधाराने आपण प्रत्येक जण नऊ महिने वाढलो, ते अपवित्र कसे असेल?

विटाळ हा शब्द आपल्याला नवा नाही. याच शब्दाने आपल्या वाडवडिलांना पाणवठ्यापासून दूर ठेवले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब ओंजळभर पाणी प्याले, ते त्या पाण्याला वेगळी चव होती म्हणून नव्हे. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते या कल्पनेलाच त्यांनी तेथे आव्हान दिले. त्या तळ्याचा अभिमान सांगणाऱ्या घरात बारा वर्षांची मुलगी महिन्यातून चार दिवस माठाला हात लावावयास भीत असेल, तर त्या घरातून विटाळ गेला असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार? गावाने आपल्यावर लादलेला नियम आपणच आपल्या मुलीवर लादतो आणि तोही ती अत्यंत भेदरलेली असताना.

माता-भगिनींनो, हे काम प्रामुख्याने तुमच्या हातात आहे. मुलगी दहा वर्षांची झाली की पाळी येण्यापूर्वीच तिला सर्व समजावून सांगा. ज्या मुलीला काहीच सांगितलेले नसते, ती पहिले रक्त पाहून आपल्याला मोठा रोग झाला असे समजते आणि रात्रभर रडते. तिला स्वच्छ पॅड द्या. कापड वापरावयाचे असेल तर ते सुती असावे, साबणाने धुवावे आणि अडगळीत न लपविता कडक उन्हात वाळवावे. ते दर चार-सहा तासांनी बदलावे. रोज आंघोळ करावी. पहिली दोन वर्षे पाळी मागेपुढे होते. त्याची भीती नको. परंतु रक्तस्राव सात दिवसांहून अधिक चालला, वेदनेने मुलीस उठवेना, किंवा पंधरा वर्षे पुरी होऊनही पाळी आली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. आणि त्या चार दिवसांत तिची शाळा बुडू देऊ नये. शाळेत मुलींसाठी पाणी असलेले, कडी लागणारे स्वच्छतागृह नसेल, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत उभे राहून ते मागा. तेथे पालकांना बसण्याचा आणि बोलण्याचा अधिकार २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने दिलेला आहे.

मुलांचेही ऐका

मुलीशी निदान आई चोरून का होईना बोलते. मुलाशी कोणीच बोलत नाही. त्याचा आवाज घोगरा होतो, चेहऱ्यावर मुरमे येतात, वर्गातील पोरे हसतात. जवळजवळ निम्म्या मुलांच्या छातीला या वयात थोडी सूज येते. ती वर्ष-दोन वर्षांत आपोआप ओसरते, पण ते न सांगितल्यामुळे मुलगा सदरा काढून नदीत उतरावयास लाजतो. झोपेत वीर्यस्खलन होते आणि तो घाबरून जातो. भिंतीभिंतीवर जाहिराती रंगविणारे भोंदू वैद्य त्याला सांगतात की, तुझे धातू जात आहे, तुझी शक्ती संपली. आणि त्याच्या भीतीवर आपली तुंबडी भरतात. बंधूंनो, हे निव्वळ थोतांड आहे. स्वप्नावस्था हा या वयातील नैसर्गिक प्रकार आहे. त्याने रक्त आटत नाही आणि बुद्धीही कमी होत नाही. हे दोन शब्द बापाने किंवा थोरल्या भावाने वेळेवर सांगितले, तर केवढी भीती आणि केवढा पैसा वाचेल!

आणखी एक गोष्ट मुलास सांगावयास हवी. मुलींविषयी आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे; परंतु आकर्षण वाटले म्हणून कोणाच्या देहावर, मनावर किंवा इच्छेवर आपला हक्क प्रस्थापित होत नाही. बहिणीची पाळी हा चेष्टेचा विषय नाही, हे ज्या मुलाला घरात कळले, तो उद्या वर्गात आणि रस्त्यावर मुलींशी सभ्यपणे वागेल. तसेच, ओळखीच्या किंवा अनोळखी कोणीही अंगाला नकोसा स्पर्श केला, तर ते मुलाने आणि मुलीने निर्भयपणे घरी सांगावे, इतका विश्वास त्यांना वाटला पाहिजे. अशा अत्याचारांसाठी २०१२ साली पॉक्सो हा स्वतंत्र कायदा झालेला आहे आणि तो मुलगे व मुली दोघांनाही संरक्षण देतो.

ताटातील समता

देह इतक्या वेगाने वाढत असता त्याला अन्न किती लागत असेल, याचा विचार करा. आपल्याकडे मात्र उलट चालते. बाप जेवतो, मग भाऊ जेवतात, आणि ज्या मुलीचे रक्त दर महिन्यास जाते ती आईबरोबर शेवटी, तव्यावर उरलेली भाकरी खाते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहा. देशातील पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी १०० मध्ये ५९ मुली रक्तक्षयाच्या आढळल्या. त्याच वयाची मुले १०० मध्ये ३१. मुलगी अभ्यासाला बसली की पेंगते, जिना चढताना धापा टाकते, तिचे मन कशात लागत नाही. आपण तिला आळशी म्हणतो. ती आळशी नसते, तिच्या रक्तात लोह नसते.

यासाठी श्रीमंती लागत नाही. बाजरीची भाकरी, मेथी-राजगिऱ्यासारख्या पालेभाज्या, हरभरे, शेंगदाणे, अंडी, सुकट, जमेल तेव्हा मटणाचे काळीज, आणि जेवताना लिंबाची फोड किंवा आवळा. लिंबाने अन्नातील लोह देहास अधिक लागू पडते. जेवणावर लगेच चहा घेऊ नये. त्याने लोह शोषले जाण्यास अडथळा होतो. हाडांसाठी नाचणी आणि दूध. प्रौढ वयातील हाडांची बहुतेक मजबुती विशीच्या आतच तयार होते. शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्यास एकदा लोहाची निळी गोळी मिळते. तिने मळमळले किंवा शौचास काळे झाले म्हणून ती फेकून देऊ नका. पोटभर जेवल्यावर घ्यावयास सांगा. वर्षातून दोनदा जंताची गोळी देतात, तीही चुकवू नका. समतेचा आरंभ आपल्या घरातील ताटापासून होऊ द्या.

मनाची वाढ

आता मनाकडे वळू. कालपर्यंत मांडीवर येऊन बसणारे मूल आज दार लावून घेते. एका शब्दावरून उखडते आणि घटकेने हसते. रात्री त्यास झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही. याचे कारण मेंदूतच आहे. भावना, उत्साह आणि साहस यांच्याशी संबंधित असलेले मेंदूचे भाग या वयात लवकर तेज होतात. मागचा-पुढचा विचार करून मनाला लगाम घालणारा पुढचा भाग मात्र पंचविशीच्या आसपासपर्यंत परिपक्व होत राहतो. झोपेची घटकाही या वयात पुढे सरकते. गाडीचे चाक वेगाने फिरू लागले आहे आणि ब्रेक अजून बसवावयाचा आहे, अशी ही अवस्था असते. मित्र भोवती असले की धाडस अधिकच वाढते. अशा वेळी मारझोडीने काही साधत नाही. जवळचा, शांत आणि ठाम माणूसच उपयोगी पडतो.

या अस्वस्थ मनाची दुसरी बाजूही आहे, आणि ती मोठी तेजस्वी आहे. अकरा-बाराव्या वर्षानंतर मुलाला डोळ्यांसमोर नसलेल्या गोष्टींचा विचार करता येऊ लागतो. न्याय म्हणजे काय, नियम कोणी केले, जे आहे त्याहून वेगळे असू शकेल काय, असे प्रश्न त्याला पडतात. इसवी सन १८५५ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या किशोरवयीन मातंग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. ज्यांना वेद वाचण्याची बंदी आहे त्यांचा धर्म मग कोणता, असा सवाल त्या मुलीने उघडपणे केला होता. बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्याच्या शंभर वर्षे आधी एका शाळकरी पोरीने हा प्रश्न विचारून ठेवला! तिला 'तोंड वर करून बोलू नकोस' म्हणून गप्प बसविले असते, तर? तुमचे मूल उलट प्रश्न विचारते, तेव्हा ते उद्धट झाले असे लगेच मानू नका. प्रश्न विचारण्याची परवानगी नसलेल्या घरात बुद्धाचे छायाचित्र लावून काय उपयोग?

मनाचे दुःख बोलून दाखवावयास शब्द नसले की ते भलत्याच वाटेने बाहेर पडते. एखादी मुलगी मूर्च्छा येऊन पडते, घुमू लागते. लोक म्हणतात, अंगात आले. केस न विंचरल्याने गुंता होऊन जट झाली, तर म्हणतात, देवीचे बोलावणे आले. अशा जटेपायी आपल्या समाजातील किती मुली कोवळ्या वयात देवीला सोडल्या गेल्या, हे वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. या प्रथेविरुद्ध मुंबई प्रांतात १९३४ साली आणि पुढे महाराष्ट्रात २००५ साली कायदे करावे लागले. जट म्हणजे मळलेल्या केसांचा गुंता. तो कात्रीने सुटतो. आणि मुलगा किंवा मुलगी दिवसच्या दिवस गप्प राहू लागली, जेवण-झोप सुटली, जगून काय उपयोग अशी भाषा बोलू लागली, तर देवऋषीच्या दारी न जाता डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर फोन करून विनामूल्य सल्लाही मिळतो.

'मी कोण?'

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने १९५० साली आपल्या ग्रंथात असे मांडले की, किशोरवयाचे मुख्य काम 'मी कोण?' याचे उत्तर शोधणे हे असते. हा प्रश्न सर्वच मुलांना पडतो. परंतु आपल्या घरातील मुलाला तो अधिक जड होऊन पडतो. आडनाव ऐकून मागच्या बाकावरचा मुलगा दुसऱ्याच्या कानाला लागतो. शिष्यवृत्तीची नावे वर्गात मोठ्याने वाचली जातात. मैत्रिणीच्या घरी ओसरीवरच थांबविले जाते. मोठी माणसे असले घाव गिळून टाकतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला मात्र सवंगड्यांचे मत हेच जग असते, त्यामुळे तो घाव खोल जातो.

शिवाय तो तुम्हांला एक अवघड प्रश्न विचारतो. आपण बौद्ध झालो, जात सोडली, मग दाखल्यावर जुन्या जातीचे नाव कशाला? या प्रश्नावर चिडू नका. त्याला इतिहास सांगा. धर्मांतर केल्यावर अनुसूचित जातींच्या सवलती जात होत्या. १९९० साली केंद्राने कायद्यात दुरुस्ती करून त्या बौद्धांनाही लागू केल्या, तोवर ३४ वर्षे लोटली होती. त्याला समजावून सांगा की, दाखला हा झालेल्या अन्यायाचा आणि त्यावरील हक्काचा कागद आहे. तू कोण आहेस हे त्यावर लिहिलेले नाही. ते तुला तुझ्या शिक्षणाने, वर्तनाने आणि मैत्रीने ठरवावयाचे आहे. जो मुलगा हे समजून शाळेत जातो, त्याला कुजबुज ऐकू येते, पण ती त्याला वाकवू शकत नाही. वर्गात अपमान झालाच तर तो मुलाने एकट्याने सोसावयाचा नसतो. आईबापांनी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी बोलावयाचे असते.

लग्नाची आणि कामाची घाई

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पाळी आली म्हणजे मुलगी लग्नास योग्य झाली, ही समजूत शास्त्राच्या कसोटीवर खोटी आहे. पहिल्या पाळीनंतरही मुलीची उंची काही काळ वाढत राहते, आणि ज्या हाडांच्या कड्यातून बाळ बाहेर यावयाचे असते, त्या कटिराची वाढ तर पुढे काही वर्षे चालू असते. अशा अपुऱ्या देहाला बाळंतपण आले की बाळ अडते, आई दगावते, बाळ कमी वजनाचे निपजते. पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत बाळंतपणाची गुंतागुंत हे एक कारण जगभर आढळते.

आपल्या महाराष्ट्रातच यावर केवढा झगडा झाला! अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी वयात आल्यावर नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. १८८४ साली खटला उभा राहिला. १८८७ साली मुंबईच्या न्यायालयाने नवऱ्याकडे जा अथवा सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. पुढे तडजोड झाली, रखमाबाई विलायतेस गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. १८९१ साली संमतीवय दहावरून केवळ बारावर नेले, तरी गदारोळ उठला. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे लग्नाचे वय चौदा ठरविले; १९७८ साली मुलीस अठरा आणि मुलास एकवीस अशी मर्यादा झाली; २००६ च्या कायद्याने बालविवाह लावणाऱ्यांना तुरुंगवासाची तरतूद केली. इतके होऊनही, वर सांगितलेल्या पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या १०० स्त्रियांपैकी सुमारे २२ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले.

तुम्ही म्हणाल, हे सर्व खरे, पण आमची अडचण कोण पाहतो? अडचण खरी आहे, हे मी नाकारीत नाही. बीडकडचे मजूर दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात. मुकादम उचल देतो ती नवरा-बायकोच्या जोडीला. तिलाच 'कोयता' म्हणतात. वयात आलेली मुलगी गावात कोणाच्या भरवशावर ठेवावी ही चिंता, आणि लग्न झाले की एक कोयता वाढतो हा हिशेब, या दोन्हींपायी कोवळ्या मुली बोहल्यावर चढतात आणि तेथून थेट उसाच्या फडात जातात. मुलाचेही तेच, चौदाव्या वर्षी मोळी उचलू लागला की त्याची शाळा संपली. परंतु बंधूंनो, हा हिशेब एका हंगामाचा आहे. शाळा सुटलेल्या मुलाच्या हाती पुढे जन्मभर कोयताच राहतो. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, मागासवर्गीय मुला-मुलींसाठी शासकीय वसतिगृहे आहेत. आपल्या गावात ती चालत नसतील, तर ती चालविण्याचा आग्रह चार घरांनी मिळून धरला पाहिजे. आणि एखाद्या घरी लहान मुलीचे लग्न ठरत असल्याचे कळले, तर १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर कळविण्यात चुगली नाही. ते एका मुलीचे आयुष्य राखणे आहे.

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्रास आईबापांची पाच कर्तव्ये सांगितली, ती दीघनिकायात आहेत. त्यांचा क्रम नीट पाहा. मुलास वाईटापासून परावृत्त करणे, चांगल्याकडे वळविणे, त्याला विद्या-शिल्प शिकविणे, मग योग्य जोडीदार पाहून देणे, आणि योग्य वेळी वारसा त्याच्या हाती सोपविणे. लग्नाआधी शिक्षण आहे. जुलै १९४२ मध्ये नागपुरास भरलेल्या महिला परिषदेत बाबासाहेबांनीही मुलांच्या लग्नाची घाई करू नका, ती जबाबदारी पेलण्याइतके त्यांना समर्थ होऊ द्या, असेच हजारो स्त्रियांना बजावले होते.

आईबापांनी काय करावे

कर्तव्ये फार नाहीत. मुलांना वेळेपूर्वी खरी माहिती द्या. मुलगा-मुलगी दोघांना सारखे वाढा. वर्गात मुलगी असो वा मुलगा, निदान बारावीपर्यंत त्यांची शाळा सुटू देऊ नका. रात्री मोबाईल उशाशी ठेवू न देता आठ-नऊ तास झोपू द्या. त्यांचे मित्र कोण आहेत हे ठाऊक असू द्या. पण त्या मित्रांना घरी बोलावून, चहा पाजून ठाऊक करून घ्या, पाळत ठेवून नव्हे. आणि रागाच्या भरात मुलांसमोर एकमेकांवर हात उगारू नका. कारण नवरा कसा असतो आणि बायको कशी असते, हे ती तुमच्याकडे पाहूनच शिकत असतात.

मुलाला वळण कसे लावावे, याचा नमुनाही आपल्यापाशी आहे. बुद्धांनी आपल्या मुलास, राहुलास, आरशाचा दाखला दिला. आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसेच प्रत्येक काम करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर पाहावे की, याने मला किंवा दुसऱ्या कोणाला दुःख होते काय. होत असेल तर थांबावे. वाढत्या मुलाच्या मनाला ब्रेक बसवावयाचा तो असाच बसतो. वेताच्या छडीने तो बसत नाही. ज्याला स्वतःकडे पाहण्याची सवय लागली, त्याच्यावर पहारा ठेवावा लागत नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या पिढ्यांना वाढूच दिले गेले नाही. गावकुसाबाहेर जन्मलेल्या मुलाला पाच-सहा वर्षांचा झाला की गुरे, आणि मुलीला दहा-अकराव्या वर्षी सासर. लहानपण आणि मोठेपण यांच्या मध्ये शिकण्याची, चुकण्याची, प्रश्न विचारण्याची जी वर्षे असतात, ती आपल्या वाट्याला आलीच नाहीत. ती वर्षे आज आपण आपल्या मुलांना देऊ शकतो. त्यासाठी कोणाची परवानगी काढावी लागत नाही. येथून घरी गेल्यावर आपल्या मुलीला जवळ बसवा आणि तिला सांगा की, या घरात तुझा स्पर्श कशालाही बाटवीत नाही, आणि तुझी वाढ पुरी होईपर्यंत तुझे पुस्तक तुझ्या हातातून कोणी काढून घेणार नाही. मुलाला जवळ बसवा आणि त्यालाही तेच अभय द्या. इतके झाले, तर आजच्या सभेचे सार्थक झाले असे मी समजेन.

जय भीम.